विमानाच्या नाकपुडीतली कणीक

"विमानाला ओवाळायचं म्हणजे नेमकं कुणीकडून?" मामीनं विचारलं. ती ताम्हण घेऊन विमानाच्या नाकासमोर उभी होती आणि ताम्हणात निरांजन सोडून सगळं होतं.

निरांजन नव्हतं ते ओजसदादामुळे. तो त्या विमानाचा पायलट. पंखांत पेट्रोल भरलेलं असतं, जवळपास पेटतं काही आणू नका, असं त्यानं सकाळीच हात जोडून सांगितलं होतं. मग निरांजन टेबलाखाली गेलं, उदबत्त्या पार फाटकापाशी वॉचमनच्या हवाली झाल्या, आणि रणधीरमामानं पाहुण्यांना छाती पुढे काढून सांगितलं, "सुरक्षेच्या बाबतीत आपण कुणाचं ऐकत नाही." त्याला 'तडजोड करत नाही' असं म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते जास्त खरं होतं.

तेव्हा मी आठवीत होते. आता दहावीत आहे, आणि मामा हा किस्सा अजूनही प्रत्येक साखरपुड्यात, प्रत्येक बारशात सांगतो. त्याच्या किश्शात मी नसते, मामी नसते, कणीक तर नसतेच. म्हणून मी लिहितेय.

रणधीरमामा हा माझ्या आईचा मोठा भाऊ. त्याचं मंगल कार्यालय होतं आणि ते बरं चाललं होतं, पण एकदा तो थायलंडला गेला, तिथं कुणाच्या तरी पोटाशी बांधून घेऊन त्यानं विमानातून उडी मारली, आणि परत आला तो पराक्रमी पुरुष होऊनच. पुढं तो शिकला, परवाना काढला, ते खोटं नाही. मग एक जुनं एका इंजिनाचं विमान भाड्यानं आणलं आणि बोरखिंडीच्या धावपट्टीवर 'गगनवीर स्कायडायव्हिंग' असा फलक लावला. ती धावपट्टी कुठल्याशा पुढाऱ्यासाठी बांधलेली. पुढारी दोनदा उतरला, नंतर गावकरी तिच्यावर बाजरी वाळवायला लागले. दसऱ्याला मामानं 'आकाशातलं सीमोल्लंघन' ठेवलं. फ्लेक्सवर मामा विमानापेक्षा मोठा होता आणि त्याच्या मिशीला टोक जास्त होतं.

मी तिथं होते कारण मला मामाची उडी विमानातून शूट करायची होती. माझी निवड माझ्या कलेमुळे झाली नव्हती. विमानात कोण किती किलोचं बसणार याचा हिशेब असतो, आणि घरात सगळ्यात हलकी मीच होते. मला पॅराशूट देणार का, असं मी विचारलं तेव्हा मामा म्हणाला, "तू कुठं उडी मारणारेस?" आणि सगळे हसले. आईसुद्धा हसली. आईला तिचा दादा जे बोलेल ते आधी विनोदीच वाटतं.

आदल्या दिवशी ओजसदादानं मला विमान दाखवलं होतं. कसं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. उड्डाणाआधी पायलट विमानाभोवती एक पूर्ण चक्कर मारतो. पळवत नाही, हात लावत लावत मारतो. टायर, ब्रेक, पंखांची हलणारी कडा, पेट्रोलची झाकणं. पंखाच्या टाकीखालून थोडं पेट्रोल बाटलीत काढून त्यात पाणी आहे का बघतो. प्रत्येक पंखाखाली, तिरक्या दांड्याच्या मागं, बोटाएवढी एक वाकडी नळी खाली आलेली होती. मी म्हटलं, हे काय, शेपूट? तो म्हणाला, ही टाकीची नाकपुडी. पेट्रोल जेवढं खाली जाईल तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकी श्वास रोखून धरते आणि इंजिनाला काही देत नाही. मला पटकन कळलं. ज्यूसचा खोका स्ट्रॉनं ओढत राहिलं की चपटा होतो आणि मग थेंबही येत नाही, तेच.

ओजसदादा सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. हुशार होता, पण मामासमोर त्याचा आवाज खाली जायचा. त्याला मोठ्या विमान कंपनीत जायचं होतं आणि त्यासाठी उड्डाणाचे तास साठवायचे होते. ते तास मामाच्या विमानात होते. मामाला हे ठाऊक होतं आणि ते ओजसदादालाही ठाऊक आहे, हेही मामाला ठाऊक होतं.

तर दसऱ्याच्या दिवशी ओजसदादानं पहाटेच चक्कर मारून घेतली. सगळं ठीक होतं. मग पाहुण्यांची वजनं करायला तो काट्यापाशी गेला, आणि इकडे पूजा सुरू झाली.

मामीनं परातीत कणीक आणली होती. हळद घालून घट्ट मळलेली, उदबत्त्या रोवायला. आता उदबत्त्याच नव्हत्या तर कणीक वाया कशाला घालवायची? मामी काहीही वाया घालवत नाही. चिकटपट्टीनं रंग निघतो म्हणून मामानं चिकटपट्टीला मनाई केली होती, मग झेंडूची फुलं लावायला तिनं कणीक वापरली. नाकावरच्या पात्याला एक फूल, दाराला एक. मग ती डाव्या पंखाखाली गेली, टाचा उंच केल्या, आणि त्या वाकड्या नळीत कणकेचा गोळा दाबून त्यात एक मोठं थोरलं झेंडूचं फूल खोचलं. दिसत छान होतं हे मान्य करते. विमानानं नाकात चमकी घातल्यासारखं.

मी म्हटलं, "मामी, तिथं नको. तो टाकीचा श्वास आहे."

मामी गोंधळली. पण मामा मागं उभाच होता, आणि त्याच्याबरोबर पंचायत समितीचे सभापती होते. सभापतींचा मुलगा दुसऱ्या फेरीत उडी मारणार होता, मामाच्या पोटाशी बांधून घेऊन. मामानं आधी सभापतींकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"आठवीत ना तू? बीजगणित येतं का?"

मी म्हटलं, येतं.

"मग ते कर. विमान आम्ही बघतो."

सभापती हसले, म्हणजे मामाला दहापैकी दहा मिळाले. तरी मी हलले नाही. मला अजून आठवतंय, मी त्या फुलाकडे बोट दाखवून उभी होते. शेवटी मामीनंच हात वर करून फूल ओढून काढलं आणि परातीत टाकलं. "घे बाई. झालं समाधान?" झालं. मला वाटलं निघालं सगळं. फूल निघालं होतं. खालून तेवढंच दिसत होतं.

एवढ्यात ओजसदादा आला आणि सवयीनं डाव्या चाकापासून चक्कर सुरू करायला लागला.

"काय करतोयस?" मामा म्हणाला.

"एकदा बघून घेतो, सर. लोकांचे हात लागलेत."

"सकाळी बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग? आत्ता पूजा झाली. पूजा झाल्यावर परत तपासायचं म्हणजे देवावर संशय घेतल्यासारखं होतं. शुभ कामात आपण संशय घेत नाही."

ओजसदादाचा हात चाकावर होता. तो त्यानं काढला आणि पँटला पुसला. मी त्याच्याकडे बघत होते आणि त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर मामाचं भाषण. माइकवर. विमानात शिस्त कशी असते ते त्यानं सगळ्या मैदानाला समजावलं. आकाशात काहीही होवो, पायलटनं सांगितल्याशिवाय कुणी पट्टा सोडायचा नाही, कुणी दाराकडे सरकायचं नाही, कारण सगळे मागं सरकले की शेपटी जड होते आणि विमान बिथरतं. आणि संकटात सगळ्यांना बाहेर काढून सगळ्यात शेवटी उडी मारतो तो रणधीर. टाळ्या. हे सगळं बरोबर होतं, शब्दन् शब्द. त्यामुळेच मला ते इतकं पाठ आहे.

पहिल्या फेरीत आम्ही पाच जण होतो. पायलटच्या खुर्चीत ओजसदादा. त्याच्या शेजारी जमिनीवर मी, मागं तोंड करून, हातात कॅमेरा. उड्या मारायच्या विमानात पायलटची सोडून दुसरी खुर्ची नसते, बाकीचे खाली बसतात आणि पट्टा बांधतात. माझ्यासमोर जोगदंड काका-काकू, पुण्याहून आलेले, दोघंही शिकलेले उडीबाज. काकू शाळेत गणित शिकवायच्या आणि काका बोलायचे नाहीत. त्यांच्या पलीकडे मामा, कमरेला भगवा फेटा गुंडाळून. तो हवेत सोडायचा होता म्हणे. आम्ही चढत असताना मामीनं पूजेचा नारळ कापडी पिशवीत घालून आत दिला, विमानात देवाचं काहीतरी असू दे म्हणून, आणि मामानं ती पिशवी पुढं सरकवली. ती बसली नेमकी ओजसदादाच्या खुर्चीशेजारी, जमिनीवरच्या एका लाल खटक्यावर. डाव्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं की उजव्या, ते त्या खटक्यानं ठरतं. तेव्हा तो डावीकडे होता.

उडालो. खाली उसाचे फड, त्यात मध्ये आमची धावपट्टी, शाळेच्या वहीत मारलेली रेघ असावी तशी. मला भीती वाटली नाही. खूप मजा वाटली, आणि या मजेला मामा कारण आहे याचा थोडा रागही आला. मामानं मला खुणेनं सांगितलं, माझ्यावर कॅमेरा ठेव. मी ठेवला. तो मिशीवरून हात फिरवत होता.

सहा हजार फुटांच्या वर इंजिन खोकलं.

एकदा. मग नीट झालं. मग परत खोकलं, जास्त. विमान पुढं मागं झटके खाऊ लागलं आणि मग तो सगळा आवाज, ज्याच्यामुळे आम्ही ओरडून बोलत होतो, तो गेलाच. पुढची पाती वाऱ्यानं नुसती फिरत होती. इतकं शांत झालं की जोगदंड काकूंच्या बांगड्या ऐकू आल्या.

ओजसदादा म्हणाला, "बसून राहा सगळे. उंची भरपूर आहे." त्यानं विमानाचं नाक खाली केलं, मान वळवून धावपट्टी शोधली. त्याचा आवाज स्थिर होता. मामासमोर कधी नसायचा तेवढा.

आणि माझ्या कॅमेऱ्यात, नीट फोकसमध्ये, रणधीरमामानं पट्टा सोडला.

तो कुणाला काही बोलला नाही. त्यानं दार वर ढकललं, जोगदंड काकांच्या मांडीवर गुडघा दिला, काकूंचा खांदा धरला आणि दाराशी गेला. दार मागच्या बाजूला. त्याचं नव्वद किलोचं शरीर तिकडे गेलं तसं विमानाचं नाक वर उठलं. एक भोंगा केकाटायला लागला. विमानाचा वेग फार कमी झाला, आता ते पडेल, असं सांगणारा तो भोंगा. "सर, बसा," ओजसदादा म्हणाला. मग ओरडला, "बसा." दोन्ही हातांनी तो नाक खाली ढकलत होता.

मामा बसला नाही. मामा गेला. फेटा दारात अडकला, क्षणभर ताणला, सुटला, आणि भगवं काहीतरी शेपटीवरून उडून गेलं.

जोगदंड काकूंनी त्या रिकाम्या दाराकडे बघितलं. "हे शेवटी जाणार होते ना?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. काका पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, "हो, असं म्हणत होते खरं."

विमान सावरलं तेव्हा ओजसदादानं त्या दोघांना सांगितलं, आता तुम्ही जा, एकामागून एक, सावकाश, हलकं झालं तर मला बरं. ते तसेच गेले, शिकवल्यासारखे. जाताना काकूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग माझ्या पाठीकडे बघितलं. तिथं पॅराशूट नव्हतं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "जा तुम्ही," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग आम्ही दोघंच उरलो. ज्यांना उडी मारता येत नाही ते दोघं.

"पेट्रोल आहे," ओजसदादा स्वतःशीच बोलत होता. "काटा दाखवतोय, पेट्रोल आहे. मग मिळत का नाही?"

मी परातीतलं फूल आठवलं. मोठं थोरलं फूल होतं आणि परातीत पडलं तेव्हा त्याला देठ नव्हता. खाली जमिनीवर असताना मी ते बघितलं होतं, पण बघणं आणि कळणं यांच्यामध्ये सहा हजार फूट असतात.

"दादा, डाव्या नाकपुडीत कणीक आहे," मी म्हटलं.

"काय आहे?"

"कणीक. मामीनं फूल लावलं होतं. देठ तुटला, गोळा आतच राहिला असणार."

दुसऱ्या कुणी विचारलं असतं, काय बरळतेस. त्यानं विचारलं नाही. हात खाली नेला, लाल खटक्याकडे, आणि हात पिशवीवर आपटला. पिशवी खुर्ची आणि खटका यांच्यामध्ये रुतून बसली होती. त्याला एका हातानं विमान धरायचं होतं. मी कॅमेरा टाकला, पिशवीचे बंद दोन्ही हातांनी धरून ओढले, ती फाटली, आणि नारळ सुटून गडगडत मागं गेला. दार उघडंच होतं. मी त्याला दारातून बाहेर जाताना बघितलं. त्यानंतर आठवडाभर मी पेपरमध्ये बारीक बातम्या वाचत होते, कुणाच्या डोक्यात नारळ पडला का म्हणून. पडला नाही. उसात गेला असणार.

मी खटका उजवीकडे फिरवला. ओजसदादानं कसलंसं बटण दाबून धरलं. काही झालं नाही. खाली फड मोठे होत होते, आता उसाचे तुरे वेगळे दिसत होते. मग इंजिन एकदा शिंकलं, दोनदा शिंकलं, आणि लागलं. तो आवाज इतका घाणेरडा आणि इतका सुंदर होता की मी रडले. एकदाच रडले, लगेच थांबले. मला कॅमेरा शोधायचा होता.

आम्ही उतरलो तेव्हा मैदान टाळ्या वाजवत होतं. मला कळेना कशासाठी. मग मला लाउडस्पीकर ऐकू आला.

मामा उसाच्या फडात उतरला होता, कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून आमच्या आधी पोचला होता, अंगावर पाचट, गालावर उसाच्या पात्यांचे ओरखडे, आणि हातात माइक. लोकहो, तो सांगत होता, आत्ता तुम्ही पाहिलंत ते थरारक प्रात्यक्षिक. इंजिन बंद करून विमान कसं सुखरूप उतरवतात याचं. आमच्या नियोजनाप्रमाणे. आणि आता दुसरी फेरी, सभापती साहेबांच्या चिरंजीवांची.

तो माइक खाली करून ओजसदादापाशी आला. मी शेजारीच होते, पण मामाला मी दिसत नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "खटका फिरवायला विसरलास. डावी टाकी संपवलीस. मी ते झाकलंय, कळलं का? आता मुकाट्यानं दुसरी फेरी मार, नाहीतर हे कागदावर जाईल, आणि मग बघतो तुला कुठली कंपनी घेते."

ओजसदादा पंखाखाली उभा होता आणि त्याचे ओठ पांढरे होते, आणि मला दिसलं की तो विश्वास ठेवायला लागलाय. खरंच काटा चुकीचा असेल, खरंच मी विसरलो असेन. आकाशात जो माणूस ठाम होता, तो जमिनीवर परत वितळायला लागला होता. तिकडे सभापतींचा मुलगा चष्म्याला दोरी बांधून घेत होता. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा असेल, आणि सारखा त्याच्या आईला हात करत होता.

मी पाहुण्यांसाठी मांडलेली एक प्लास्टिकची खुर्ची उचलली. डाव्या पंखाखाली ठेवली. वर चढले. केसांतली पिन काढली आणि नळीत घातली. कणीक वाऱ्यानं वाळून दगड झाली होती. मी खरवडलं, फिरवलं, ओढलं. ती निघाली तेव्हा आवाज आला. लांब, खोल, आत ओढल्यासारखा. माणूस पाण्याखालून वर येऊन घेतो तसा श्वास टाकीनं घेतला. ओजसदादानं मान वर केली. त्याला त्या आवाजाचा अर्थ माझ्याआधी कळला.

पिनेच्या टोकाला पिवळी गोळी होती आणि तिच्यात झेंडूचा देठ.

तेवढ्यात मैदानात सोनं वाटणं सुरू झालं होतं. दसराच होता ना. मामा आपट्याच्या पानांची चळत घेऊन रांगेनं एकेकाला देत होता, एका हातात पानं, एका हातात माइक, म्हणजे त्याचं "सोन्यासारखे राहा" सगळ्या शिवाराला ऐकू जाईल. माझी पाळी आली. आईनं मागून कोपर मारलं. म्हणाली, "सोनं घे आणि वाक मामाच्या पाया पडायला."

मामानं माइक बगलेत धरून पान पुढं केलं. मी ते घेतलं. मग त्याच्या तळहातावर ती गोळी ठेवली.

"मामा, हे घे. माझ्याकडून सोनं."

"हे काय?" असं लाउडस्पीकर म्हणाला. माइक चालूच होता.

"तुझ्या पूजेतली कणीक. डाव्या टाकीच्या नाकपुडीत होती. पेट्रोल टाकीत होतं, पण ते बाहेर येत नव्हतं. ओजसदादा काही विसरला नव्हता. तू मात्र विसरलास. तू शेवटी उडी मारणार होतास."

हे सगळं फाटकापर्यंत गेलं. उदबत्त्या सांभाळणाऱ्या वॉचमनपर्यंत. मामानं बटण शोधलं, पण एका हातात पानं होती आणि एका हातात कणीक, आणि माइक त्यानं बगलेत धरला होता, त्यामुळे त्याचा श्वास तेवढा मोठ्यानं ऐकू येत राहिला.

तो म्हणाला, ही पोर काहीही बोलते. मी म्हटलं, कॅमेऱ्यात आहे. एवढंच. मी ते कुणाला दाखवलंही नाही तिथं, आणि दाखवायची गरज पडली नाही, कारण जोगदंड काका-काकू मागून चालत येत होते, पॅराशूट काखेत धरून. काकूंनी सगळ्यांसमोर मामाला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "पोचलात का नीट? तुम्ही घाईत होतात." गणिताच्या बाईंचा आवाज. माइकची गरज नसते त्याला.

सभापतींनी मुलाकडे बघितलं आणि फक्त गाडीकडे बोट केलं. मुलगा चष्म्याची दोरी सोडत गेला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. तो मला अजून कुठं दिसला तर तोंड फिरवतो, जसं काही मीच त्याचं काहीतरी घेतलं.

आणि ओजसदादा? त्यानं विमानाची किल्ली खिशात टाकली आणि डाव्या चाकापासून चक्कर सुरू केली. मामा म्हणाला, "ओजस." तो थांबला नाही. "ओजस, मी काय म्हणतोय?" ओजसदादा म्हणाला, "संशय घेतोय, सर." आणि हात लावत लावत पुढं गेला.

आईनं माझा दंड धरला आणि दातओठ खात म्हणाली, मोठा आहे तो, काही असलं तरी वाक आणि माफी माग. आठवीपर्यंत मी अशा प्रत्येक वेळी वाकले होते. सवयीनं पाठ वाकायलाही लागली होती. मग मी खुर्ची उचलली आणि उजव्या पंखाखाली नेली.

उजवीकडेही झेंडूचं फूल होतंच. पण ते नळीत नव्हतं, दांड्याला दोऱ्यानं बांधलेलं होतं. मी खुर्चीवर चढून नळीत बोट घातलं. बोट आत गेलं, स्वच्छ बाहेर आलं. इंजिन शेवटी चाललं ते याच टाकीवर. मामी खुर्चीपाशी येऊन उभी होती, हातात तीच परात, पदराचं टोक दातांत.

"मामी, हे फूल दोऱ्यानं का बांधलंस?" मी वरून विचारलं. "तिकडं तर कणकेत खोचलं होतंस."

मामीनं मामाकडे बघितलं. तो बराच लांब होता, एकटा, मूठ अजून मिटलेली.

"इकडं पण तसंच लावणार होते गं," ती म्हणाली. "कणीक पुरली नाही."